टायर आणि पिशवीभर दगड

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं सफारीसाठी टायर घ्यायला गेलो होतो. २००५ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी साडेनऊला अप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर उभे होते. हातात भाजीची पिशवी होती, आणि ती वजनाने खाली ओढली जात होती.

“टायर आणायला पिशवी कशाला?” मी विचारलं.

“दगड आहेत. आपल्याच वाटेवरचे. काल रामाला वेचायला लावले.”

“दगड कशाला पण?”

“टायर ज्यांच्यावरून जायचे, त्यांना विचारायला नको?”

रामा म्हणजे आमच्या आंब्याच्या बागेतला गडी, तीस वर्षांचा जुना. बाग शहरापासून अकरा किलोमीटरवर, सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर. शेवटचे दोन किलोमीटर वाट अशी नाहीच, नुसता जांभ्याचा कातळ आणि त्यावर सुटे दगड. अप्पांची जुनी जीप त्या वाटेने संपवली. मग पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या एका इंजिनियरची बदली झाली, तेव्हा त्याची सफारी अप्पांनी घेतली. ती आली तेव्हा तिचे टायर इतके गुळगुळीत होते की रामा म्हणाला, “अप्पानू, हिच्या टायरांपरीस माजं डोस्कं खरबरीत हाय.” अप्पा ही गोष्ट भेटेल त्याला सांगत.

मी पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये राजीनाम्याचं पत्र होतं, सही केलेलं. मला परत यायचं होतं. बाग बघायची होती. हे अप्पांना सांगायचं होतं आणि सोमवारच्या आत सांगायचं होतं, कारण सोमवारी लांज्याहून यज्ञेश शेट्ये येणार होता. बाग पाच वर्षांच्या कराराने त्याच्याकडे द्यायची, असं अप्पांनी जवळजवळ ठरवलं होतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने एकट्याने किती दिवस झाडं राखायची?

सांगणं एवढं अवघड का होतं, तर मला पुण्याची नोकरी लागली तेव्हा अप्पांनी आमच्या आळीत घरोघर जाऊन पेढे दिले होते. “मनस्विनी आता कातळावर परत यायची नाही,” असं प्रत्येक दारात म्हणाले होते. त्याला अठरा वर्षं झाली. मी तेव्हा त्यांच्या मागे पेढ्यांचा पुडा धरून उभी होते.

साळवी स्टॉपजवळ मुकादमांचं टायरचं दुकान होतं. मुकादम आणि अप्पा एका शाळेतले. अप्पांनी पिशवी काउंटरवर ठेवल्यावर मुकादम म्हणाले, “या वेळी आंबे लवकर?”

अप्पांनी दगड ओतले. मग एकेक टायर खाली काढायला लावला आणि प्रत्येकाच्या खाचांत अंगठ्याने दगड दाबून पाहू लागले. ज्यात दगड आत जाऊन अडकायचा, तो टायर बाद. ज्यातून तो थोडा हलवला की आपसूक बाहेर पडायचा, तो टायर पास. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून हे बघत उभी राहिली. एकाने तर एक दगड उचलून, “हा पण बघा,” म्हणून पुढे केला.

“अप्पा, लोक पत्रिका बघतात, तुम्ही दगड बघताय,” मुकादम म्हणाले.

“पत्रिका तुझी माझी जुळली नसती, तरी पन्नास वर्षं निभावतोयस ना?”

“मी निभावतोय. तुम्ही नुसते येताय.”

पत्रिका दोन टायरांशी जुळली. एक होता रस्त्याचा, बारीक नक्षीचा. हायवेला सरळ पळणारा, आवाज न करणारा. दुसरा जाड गाठींचा, कातळावर घट्ट पकडणारा. डांबरी रस्त्यावर मात्र तो सतत घुमतो, असं मुकादमांनी आधीच सांगून टाकलं.

मग अप्पांची नजर भिंतीवर गेली. तिथे मिश्रधातूचे मॅगव्हील लावले होते, चकचकीत, पाच पाकळ्यांचे. अप्पा उठून गेले. एका चाकात स्वतःचा चेहरा दिसला तसे त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले. माझ्या वडिलांनी आयुष्यात चपलेचा रंगसुद्धा निवडला नव्हता. आणि आता ते त्या चाकावरून बोट फिरवत होते.

“घ्या ना,” मी म्हणाले.

“छे. आंबेवाला माणूस मी.” बोट मात्र फिरतच होतं.

मुकादम खरं बोलणारे. “अप्पा, दिसायला हिरा. पण तुमच्या वाटेवर एक दगड नेमका बसला, की तडा. लोखंडी डिस्क वाकली तर मी ठोकून सरळ करून देतो. याला काय करू?”

अप्पांनी हात मागे घेतला. “लोखंडी,” ते म्हणाले, आणि मग हळूच, “एक दिवस लावून नाही ना बघता येणार?” दुकानातली सगळी हसली, अप्पाही.

राहिले टायर. चहा आला. मुकादमांनी सरळ विचारलं, “गाडी चालणार कुठे, ते सांगा. मग मी सांगतो.”

“तिथेच तर अडलंय,” अप्पा म्हणाले. “बाग शेट्येला दिली, तर वर रोज कोण जातोय? मग रस्त्याचे घ्यावेत. पुण्याला हिच्याकडे येत जाईन महिन्यातून.” ते माझ्याकडे बघत होते. “नाही दिली, तर हे दुसरे. तुला काय वाटतं?”

आता बोलायचं. पर्स मांडीवर होती. दोन अनोळखी माणसं चहा पीत माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“तुम्हाला आवडतील ते घ्या,” मी म्हणाले.

अप्पांनी मान हलवली. बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “मग असं करू. मागे दोन बागेचे, पुढे दोन रस्त्याचे.”

मुकादमांनी कप खाली ठेवला. “आणि पुढची चाकं पुण्याला निघाली, मागची म्हणाली आम्ही बागेत राहतो, तर मधे बसलेल्यांनी काय करायचं?”

मला इतकं हसू आलं की चहा ओढणीवर सांडला. अप्पा माझ्याकडे बघून हसत राहिले, बराच वेळ. मग उठले आणि जाड गाठींच्या टायरवर हात ठेवला.

“हे चारही.”

“आवाज करतील हां, पुन्हा सांगतो.”

“करू देत. वानरांना कळेल मालक आले ते.”

टायर चढेपर्यंत दुपार झाली. गाडी दोन बोटं उंच झाल्यासारखी दिसत होती. घरी न जाता अप्पांनी ती थेट सड्याकडे घेतली. डांबरी रस्त्यावर टायर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घुमत होते आणि अप्पा त्या सुरात सूर मिसळायचा प्रयत्न करत होते. त्यांना सूर कधीच लागत नसे. जिथे डांबर संपतं तिथे त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, आणि माझ्या दाराशी आले.

“तू चालव.”

जीप मी कॉलेजात असताना चालवायचे. तरी पहिल्या चढाला मी घाईने गिअर उतरवला. पण गाडी मागे सरकली नाही. सुटे दगड खाचांत शिरून टपटप बाहेर पडत होते आणि अप्पा खिडकीतून डोकं बाहेर काढून ते मोजल्यासारखे बघत होते. “पडला! हाही पडला!” कातळावरचं गवत पिवळं पडलं होतं. वर रामा बेड्याचे, म्हणजे बागेच्या फाटकाचे, आडवे वासे काढून वाट मोकळी करून उभा होता. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, वाकून टायर दाबला आणि म्हणाला, “आता माजं डोस्कं हरलं.”

आम्ही तिघं हसलो. खाली खाडी चमकत होती. अप्पा बॉनेटला टेकून झाडांकडे बघत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“अप्पा.”

“काय गं?”

इतके खूश होते ते. म्हटलं, हा दिवस असाच राहू दे, उद्या सकाळी चहाबरोबर सांगू. रविवार आहे.

“काही नाही. भूक लागली.”

“मग चल की,” ते म्हणाले, आणि परतीच्या वाटेवरही मलाच चालवायला दिली.

ते पहाटे झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. लोकांना या वाक्याचा आधार वाटतो. मी चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवून आले होते. ते आटून भांडं करपलं, हे मला संध्याकाळी कळलं.

चौदा दिवस झाल्यावर यज्ञेश शेट्ये आला. भला माणूस. आधी ओटीवर बसून अप्पांबद्दल बोलला, मग संकोचत म्हणाला, झाडं एकदा बघून घेऊ का. मी त्याला सफारीतून वर नेलं. डांबरी रस्त्यावर टायर घुमत होते, म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं. तो म्हणाला, एवढ्या दणकट टायरांची गरज काय होती? मी म्हणाले, अप्पांनी निवडले.

रामाने वाट मोकळी केली. शेट्ये झाडाझाडाखालून फिरला, पालवी बघितली, बुंधे बघितले. मग मी उभी होते तिथे आला. बागेच्या कडेला, जिथून खाडी दिसते.

“ताई, एक विचारतो, राग मानू नका. अप्पांनी शेवटी काय ठरवलं होतं?”

मी गाडीकडे पाहिलं. उत्तर त्याला द्यायचं होतं. सरळ, दोन वाक्यांत, मी ते रात्रभर जुळवलं होतं. पण तोंड उघडलं आणि पहिला शब्द निघाला तो “अप्पा”. शेट्येने मान खाली घातली. रामा वासे हातात धरून तसाच थांबला. मग मी तो शब्द मागे घेतला नाही.

“अप्पा,” मी म्हणाले, रामाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “बाग कोणाला देऊ नका. मी परत आलेय. मला कधी जायचंच नव्हतं.”