मागची खोली

"सिंधुताईले कुठं नेऊन राहिली?"

भागीरथाबाई खाटेवरून उठेपर्यंत सेविका कौशल्याने चाकाची खुर्ची दाराबाहेर काढलीही होती.

"पीछे वाले कमरे में, दाई. आज जाँच वाले आ रहे हैं. भैयालालजी ने बोला है."

खुर्चीत सिंधुताई एका बाजूला कलंडून बसल्या होत्या. कमरेखालच्या जखमेमुळे त्यांना सरळ बसताच येत नव्हतं. "माझा चष्मा तेवढा द्या हो," एवढंच त्या म्हणाल्या. भागीरथाबाईंनी चष्मा त्यांच्या हातात दिला. मागची खोली म्हणजे अडगळ. बंद पडलेले कूलर, मोडक्या खाटा आणि उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या. खिडकीसुद्धा नव्हती तिला.

दुर्गजवळच्या रिसालीतल्या या वृद्धाश्रमात भागीरथाबाई आल्या त्या नवरा हिरालाल गेल्यावर. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून हिरालालने सारी नोकरी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर काढली होती. तो गेला, तशी सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरची किल्लीही गेली. मुलगा राहुल बंगळूरला. आईला इथे सोडताना त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. फोन तो अजून करायचा, पण दोन वाक्यांत हिंदीवर घसरायचा आणि "ठीक है ना अम्मा?" म्हणून ठेवून द्यायचा.

आश्रमात मराठी बोलणारं माणूस एकच, सिंधुताई. दुर्गच्या मोहन नगरातल्या, शाळेत शिकवलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या. "तुमचं ते 'मले-तुले' ऐकलं की बरं वाटतं बाई," म्हणायच्या. न्हाणीघरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून पडून पडून झालेली जखम वाढतच गेली. सगळ्या मजल्याला एकटी कौशल्या. कूस बदलायला ती येई तेव्हा येई. मध्ये भागीरथाबाई स्वतः जोर लावून पाहायच्या. पण त्यांच्याही हातांत आता बळ कुठलं?

व्यवस्थापक भैयालाल सकाळी खोल्याखोल्यांतून फिरून गेला होता. "माताजी, पूछेंगे तो बोलना, सब बढ़िया है. आश्रम बंद हो गया तो आप लोग कहाँ जाओगे?"



दुपारी जिल्ह्याच्या कचेरीतून एक बाई तपासणीला आल्या. दारावरचं नाव वाचून थबकल्या. "भागीरथाबाई? मराठी का तुम्ही? मी मधुवंती, रायपूरची. कशी आहे तब्येत? जेवण वेळेवर मिळतं ना?"

"मिळते," भागीरथाबाई म्हणाल्या.

मधुवंतीबाईंनी दुसऱ्या खाटेकडे पाहिलं. "आणि इथे कोण असतं?"

"खाली है, मैडम," भैयालाल मागून म्हणाला.

खाली! भागीरथाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो त्यांच्याकडेच पाहत होता. बाहेर पडलो तर कुठे जायचं, हे त्यांना अजूनही सुचलेलं नव्हतं. पण त्या काठी घेऊन उभ्या राहिल्या.

"खाली नाही थे. सिंधुताईची खाट हाय. तिले मांगच्या खोलीत नेऊन ठेवलं. चाला माह्यासंगं."

मागच्या खोलीला कुलूप होतं. कौशल्याने मान खाली घालून कनवटीची किल्ली काढली. आत अंधारात सिंधुताई चष्मा लावून बसल्या होत्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. जणू काही वाटच पाहत होत्या.

मधुवंतीबाई वाकल्या, लुगडं बाजूला करून त्यांनी जखम पाहिली आणि दवाखान्याची गाडी बोलवायला लगेच फोन काढला. गाडी येईपर्यंत भागीरथाबाई सिंधुताईंचा हात धरून होत्या. निघणाऱ्या मधुवंतीबाईंना त्यांनी अडवलं.

"त्या पोरीले काही करू नका. एकटी हाय थे, कुठंकुठं पुरन?"

मधुवंतीबाईंनी होकारार्थी मान हलवली.

आश्रम बंद झाला नाही. उलट सुधारला. खाटेखाटेला घंटी बसली. नर्स आली, वेगळ्या पाळ्या लागल्या, वरणात डाळ दिसू लागली. भैयालालही गोड बोलू लागला. फक्त कौशल्याला काढलं. कुलूप तिच्या हातचं होतं ना. आपला डबा न्यायला आली तेव्हा ती दारात उभी राहिली.

"मोर बर घलो कुछु बोल देते, दाई."

"तुह्यासाठी बी बोलली व माय. आयकलं नाही कोणी."

कौशल्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. ती गेली.

सिंधुताईंची जखम भरत आली. दवाखान्यात त्यांची दशा पाहून भाचा केदार ओशाळला आणि त्यांना मोहन नगरला घरी घेऊन गेला. एकदा त्यांचा फोन आला. "या ना एखाद्या दिवशी. इतकं जवळ तर आहे दुर्ग." जवळच होतं. पण सोबतीला घरचं माणूस असल्याशिवाय कोणाला बाहेर सोडायचं नाही, असा आता नियम झाला होता.

थंडी सरता सरता मधुवंतीबाई पुन्हा आल्या. घंटी वाजवून पाहिली, पाणी चाखलं.

"आता सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय. खोटं कावून बोलू?" मग भागीरथाबाईंनी विचारलं, "कौशल्याचं काही झालं का?"

"कोणाला ठेवायचं ते संस्थेच्या हातात असतं हो. मी बोलले होते." मधुवंतीबाईंनी नजर वळवली. "अजून काही हवं का तुम्हाला?"

भागीरथाबाईंनी विचार केला. गादी होती, औषध होतं, दूधही होतं.

"बसा ना थोडंसं," त्या म्हणाल्या.

पुढच्या खोल्या पाहायच्या राहिल्या होत्या. तरी मधुवंतीबाई समोरच्या रिकाम्या खाटेवर टेकल्या. रायपूरच्या आपल्या आजीच्या हातच्या पातोड्यांचं त्यांनी काहीबाही सांगितलं. भागीरथाबाई मान डोलावत ऐकत राहिल्या. मग व्हरांड्यातून हाक आली आणि मधुवंतीबाई उठून गेल्या.

थोड्या वेळाने नवी सेविका भूमिका खोली आवरायला आली. समोरच्या खाटेवरची चादर बसल्या जागी चुरगळली होती. ती ताणायला तिने हात घातला.

"राहू दे व," भागीरथाबाई म्हणाल्या. "सांजपर्यंत राहू दे तसंच."