पितळी डबा आणि राखेची पुडी

दसऱ्याच्या दुपारी चौक गावी राजेशच्या ढाब्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. राजेशने मागच्या अंगणात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय केल्यापासून गिऱ्हाईक तास-तासभर अडकून पडायचं. अडकलेल्या माणसाला भूक लागते आणि कंटाळाही येतो. भुकेसाठी राजेशची मिसळ होती. कंटाळ्यासाठी कवचानंद महाराज आले.

महाराजांपुढे झेंडूचा हार घातलेली पांढरी गाडी उभी होती.

"भक्तांनो, जुन्या गाडीला किल्ली खुपसावी लागं. हिला नाय! मालक खिशात किल्ली घेऊन जवळ आला, की ही वळखते आन् दार उघडते. पन उद्या चोराला वळखलं तर? कंपनी काय करनार? कंपनीकडं वॉरंटी हाय, मंत्र नाय!"

लोक खूश झाले. महाराजांनी मालकाची किल्ली घेऊन पितळी डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं, वर चिमूटभर राख टाकली आणि मंत्र पुटपुटले. त्यात संस्कृत थोडं आणि 'फ्रिक्वेन्सी', 'व्हायब्रेशन' फार.

"उघडा आता दार."

मालकाने ओढून पाहिलं. दार ढिम्म हललं नाही.

"धनी असून उघडत नाय, तिथं चोराची काय टाप!"

मग महाराजांनी झाकण काढलं, किल्ली वर धरली. मालकाने हात लावताच दिवे लुकलुकले आणि मिटलेले आरसे दोन्ही बाजूंना उघडले. "बघा, गाडी नमस्कार करते!" बायकांनी तिला उलट नमस्कार केला. राखेच्या पुड्या हातोहात खपल्या. पुडी किल्लीला बांधायची आणि किल्ली घराच्या दाराशी टांगायची, असा नियम होता. "किल्लीला गाडी दिसली पायजे. नजरेआड झाली, की कवच तुटलं!"

सुरभी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती राजेशची बायको आणि शाळेत विज्ञानाची शिक्षिका. तिला आधी हसूच आलं. किल्ली आणि गाडी बिनतारी लहरींनी एकमेकींशी बोलतात, आणि धातूचा डबा घट्ट बंद केला की त्या लहरी अडतात. लिफ्टचं दार लागलं की फोनची रेंज जाते, तेवढंच हे नवल. नववीतल्या पोरांनाही कळलं असतं.

तेवढ्यात खिडकीशी किरण आला. तिचा जुना विद्यार्थी, दहिवलीचा. कर्जत स्टेशनवरून पाहुण्यांना फार्महाउसवर पोचवायचा, स्वतःच्या विजेच्या गाडीतून. त्या गाडीवर त्याचं घर चालायचं.

"बाई, खरं हाय का हो ह्ये? घेऊ का पुडी?"

सुरभीने अंगणात पाहिलं. राजेश घामाघूम होऊन चार-चार ताटल्या एकदम नेत होता. इतका आनंदी तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

"श्रद्धेचा प्रश्न आहे किरण," ती म्हणाली. "घेऊन ठेव. नुकसान तर नाही ना काही."

किरणने पुडी घेतली. बाईंनीच सांगितल्यावर त्याने आणखी कोणाला विचारायचं?

दिवाळीनंतर एका सकाळी किरणची गाडी दारातून नाहीशी झाली. किल्ली मात्र चौकटीच्या खिळ्याला होती तशीच, पुडीसकट. विजेची गाडी, आवाज कसला तो नाही. शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

सुरभी धावत दहिवलीला गेली. पोलिसांत तक्रार झाली होती. पण त्याआधी किरण महाराजांकडे जाऊन आला होता आणि महाराजांनी गुन्हेगारही शोधून दिला होता: घरातल्या बाईने विटाळात पुडीला हात लावला.

किरणची बायको ऋतिका पडवीच्या कोपऱ्यात बसली होती. तिच्यापुढे चहा गार झालेला. सासू आनंदीबाई तिच्याकडे पाठ करून भाजी निवडत होत्या.

"चांगली चालती गाडी घालवली हिनं," आनंदीबाई म्हणाल्या. "हात नको लावूस म्हनून सांगितलं व्हतं."

"आई, केर काढताना लागला असंल..." ऋतिका पुटपुटली.

किरणने सुरभीपुढे मोबाइल धरला. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तिने त्यावर पाहिलं. पहाटे दोन माणसं आली. एक जण पिशवी घेऊन दाराच्या भिंतीला, बरोब्बर त्या खिळ्यापाशी, चिकटून उभा राहिला. दुसरा तसलीच पिशवी घेऊन गाडीपाशी गेला. गाडीने दिवे लुकलुकवले, आरसे उघडले आणि ती निघून गेली. पिशव्यांत यंत्रं होती. एकाने किल्लीची लहर उचलायची, दुसऱ्याने ती गाडीपर्यंत पोचवायची. गाडीला वाटतं, मालकच आला.

किल्ली दाराशी टांगा, असं महाराज म्हणाले होते. आणि नुकसान नाही, असं ती म्हणाली होती. महाराज लबाड होतेच. पण त्यांचा धंदा तिच्या अंगणात, तिच्या गप्प बसण्यावर चालला होता.

रविवारी ढाबा पुन्हा भरला. महाराज रंगात आले होते. सुरभीने आपला पोळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि गर्दीत शिरली. किरण आणि ऋतिकाला तिनेच बोलावून घेतलं होतं.

"महाराज, आज किल्ली माझ्या डब्यात ठेवू. राख नको, मंत्र नको."

"सुरभे, काय चालवलंयस?" राजेश धावत आला.

तिने ऐकलं नाही. समोरच्या गिऱ्हाइकाच्या गाडीची किल्ली डब्यात, झाकण घट्ट. मालकाने दार ओढलं, उघडेना. झाकण काढलं; उघडलं. मग तिने किल्लीला पुडी बांधली आणि मालकाच्या खिशात ठेवली. पुडीने काहीच अडवलं नाही; गाडीने दिवे लुकलुकवून पुन्हा नमस्कार केला. लोक हसायला लागले.

"अन्नपूर्णेचा डबा हाय तो," महाराज म्हणाले, "त्यात देवीची शक्ती असतेच!"

"मग लोकांना डबाच का नाही सांगितलात? राख का विकलीत, आणि किल्ली दाराशी का टांगायला लावलीत?"

महाराज आपल्या गाडीकडे सटकले. त्यांच्या चेल्याने झोळीतून पत्र्याचा पानाचा डबा काढला, त्यातून महाराजांच्याच गाडीची किल्ली काढली, आणि अंगणात हशा पिकला. कवच कशात असतं, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

सुरभीने सगळ्यांना चोरीची रीत समजावली. किल्ली दारापासून लांब, धातूच्या बंद डब्यात ठेवा आणि गाडी उघडते का ते स्वतः करून बघा, म्हणाली. मग ती ऋतिकाकडे वळली. "तुझ्या हाताने काही झालं नाही गं. कोणाच्याच विटाळाने गाडी चोरीला जात नाही."

किरणने मान खाली घातली. ऋतिका मात्र हसली नाही.

"बाई, ह्ये तुमाला दसऱ्यालाच म्हाईत व्हतं?"

राजेश तिच्याकडे बघत होता. खोटं बोलणं सोपं होतं.

"हो," सुरभी म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. ढाबा चालत होता म्हणून गप्प बसले. तुमची गाडी गेली त्यात माझा वाटा आहे, आणि तुला जे ऐकावं लागलं त्यातही." "म्हणून सांगते, कोणी चमत्कार दाखवला तर तो उलटा करून बघा, राख काढून बघा, मंत्र गाळून बघा. महाराजांना विचारा, मलाही विचारा. आणि मी 'श्रद्धेचा प्रश्न आहे' म्हणाले, तर तिथेच थांबू नका. पुन्हा विचारा."

ऋतिकाने पर्समधून किल्ली काढली. राखेची पुडी सोडवून मातीत टाकली, किल्ली सुरभीच्या डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

"ठेवा तुमच्याकडंच," ती म्हणाली. "गाडी मिळाली, तर मागायला येऊ."