माझ्यावरून काढलेला साचा

बोलतोय तो मी, एका गाडीचा टप. गाडी म्हणजे चारही चाकं ओढणारी, दगडधोंड्यांतून आणि ओढ्यांतून बिनदिक्कत जाणारी गाडी. हवा तेव्हा बसवायचा आणि हवा तेव्हा काढून ठेवायचा, अशा कडक टपांच्या जातीतला मी. सध्या मात्र माझ्याखाली गाडी नाही. घराच्या मागच्या भिंतीशी मला उताणा टाकलाय आणि माझ्यात गेल्या आठवड्याचं पाणी साचलंय. पाणी बाहेर ठेवण्यासाठी ज्याचा जन्म झाला, त्याची ही दशा! हसू आलं तर खुशाल हसा, मला राग येणार नाही.

मी जन्मलो तो कंपनीच्या कारखान्यात, गाडीबरोबरच. अंगाने दोन थरांचा, मधे स्पंज, त्यामुळे आत बसलेल्यांना उन्हाची धग लागत नसे आणि बाहेरचा गोंगाट ऐकू येत नसे. मागच्या काचेत बारीक तारा होत्या. बटण दाबलं की काच तापायची आणि तिच्यावरची वाफ निघून जायची. गाडीवर बसवलं तेव्हा कुठे रेषभर फट नव्हती. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या आतल्या बाजूला शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला पुढे फार माज चढला, हे आधीच कबूल करतो.

आम्हाला विकत घेतलं ते जमीन मोजणाऱ्या एका माणसाने. दिवसभर तिपाई लावून, दुर्बिणीला डोळा लावून लोकांच्या बांधांचं आणि उतारांचं माप काढायचं, हा त्याचा धंदा. घरात तो, त्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ. धाकटा बायकोला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही मनातल्या मनात तिला वहिनीच म्हणू लागलो आणि मालकाला दादा. धाकटा एका फायबरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. होड्यांचे तळ, पाण्याच्या टाक्या, दरवाजे, जे फुटेल ते तो जोडून द्यायचा. बोटांच्या पेरांवर रेझिनचे, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट रसायनाचे, डाग कायम.

माझं एकच वाईट होतं, वजन. गरमी वाढली की दादाला उघडी गाडी हवी असायची आणि मला उतरवायला चार कोपऱ्यांना चार माणसं लागायची. दादा, धाकटा, वहिनी आणि शेजारचे एक मास्तर. मास्तरांच्या कंबरेचं आणि माझं जन्माचं वैर.

“अहो, हा टप आहे की तुमच्या आत्याचं कपाट?” वहिनी दरवर्षी विचारायची.

“कंपनीचा माल आहे. जड असणारच,” दादा दरवर्षी सांगायचा.

मग मला शेडमध्ये न्यायचे. पत्र्याची शेड, खाली चार विटा, एकेका कोपऱ्याखाली एकेक. मी तिथून गाडीकडे बघत गार हवेची वाट बघायचो. बरे दिवस होते ते.

एका वर्षी मला ठेवल्यावर आठवडाभरात गाडी पंक्चर झाली. शेडच्या दारातच चाक काढायचं होतं आणि गाडी मागे सरकत होती. दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या मागच्या उजव्या कोपऱ्याखालची वीट ओढून चाकाला लावली. “लगेच ठेवतो,” असं तो वहिनीला म्हणाला. चाक बदललं, वीट दारातच राहिली, पुढे कुणीतरी ती कुंडीखाली सारली. ज्या माणसाने गावोगावची जमीन बोटाबोटाने मोजली, त्याला आपल्या शेडमधला टप तीन विटांवर आहे हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वर तापलेला पत्रा आणि खाली अधांतरी कोपरा. फायबर एका दिवसात वाकत नाही. रोज दुपारी थोडं मऊ पडतं, थोडं खाली येतं, संध्याकाळी तिथेच कडक होतं. दोन महिन्यांत माझा कोपरा दीड बोट खाली लोंबला. मला कळत होतं. कळून करतो काय?

त्याच सुमारास धाकट्याने घरात सांगितलं की तो नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढतोय.

“दादा, तुझ्यासारख्या गाड्या पुष्कळ आहेत. कंपनीचा टप घ्यायचा तर महाग, वर चार-चार महिने थांबायचं, रंग एकच काळा आणि उचलायला चार माणसं. मी एका थराचा हलका बनवतो. दोघांनी उचलायचा. बाजूच्या काचा उघडणाऱ्या. रंग म्हणाल तो.”

“आणि माप कुठून आणणार?”

“तुझा टप दे ना चार दिवस. त्याच्यावरून साचा काढतो.”

“घे की. घरचाच आहे,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, ते मी विसरणार नाही.

धाकट्याने मला वर्कशॉपमध्ये नेलं आणि दोन दिवस मला नुसतं मेण लावलं. फडक्याने गोल गोल घासायचा, माझ्यात त्याचा चेहरा दिसेपर्यंत. आयुष्यात मला कुणी इतकं गोंजारलं नव्हतं. त्याचं बोट त्या खाली लोंबलेल्या कोपऱ्यावरूनही फिरलं आणि पुढे गेलं. कंपनीचा माल आहे म्हटल्यावर त्यावर संशय कोण घेणार? मी आतून ओरडत होतो, बाबा रे, थांब, मला आधी गाडीवर ठेवून बघ. टपाला तोंड नसतं. माझ्यावर रेझिन चढलं, कापड चढलं, पुन्हा रेझिन चढलं. सुकल्यावर त्याने साचा अलगद सोडवला आणि वहिनीला फोन केला, “वहिनी, एकदम फर्स्ट क्लास निघाला! कुठे एक बुडबुडा नाही.” खरंच नव्हता. माझ्या अंगावरची प्रत्येक रेष त्यात उतरली होती. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं.

मला परत शेडमध्ये आणलं, तिथेच ठेवलं, आणि साच्यातून निघालेला पहिला टप धाकट्याने दादाला भेट दिला. पांढराशुभ्र. दोघा भावांनी तो हसतहसत उचलला आणि मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. बसवताना मात्र तो तीन पायांवर डुलणाऱ्या टेबलासारखा डुलला. मागचा उजवा कोपरा आधी टेकायचा आणि डावा वर राहायचा. धाकट्याने बोल्ट पिळून तो खाली आणला, जाड रबर भरलं. “गाडी डोंगरात आपटून थोडी वाकली असेल,” दादाच म्हणाला. वहिनीने दोघांना चहा दिला, मास्तरांनी आपल्या कंबरेच्या वतीने धाकट्याचे आभार मानले.

पुढच्या काही महिन्यांत त्याने अकरा टप विकले. जनावरांच्या डॉक्टरांना एक, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला एक, असे. मी शेडमध्ये बसून त्याच्या बढाया ऐकायचो. हलका आहे, स्वस्त आहे, काचा उघडतात. सगळं खरं होतं. एका थरात वारा शिटी घालतो आणि ऊन आत येतं हेही खरं होतं, पण त्या किमतीत लोक तेवढं चालवून घेत. गळणं कोण चालवून घेणार?

पाऊस लागला आणि अकराच्या अकरा गळले, वर दादाला दिलेला बारावाही. सगळे एकाच ठिकाणी, मागच्या डाव्या कोपऱ्यात. फोटोवाल्याचा कॅमेरा भिजला. डॉक्टरांची औषधाची पेटी भिजली. दादाचे मोजणीचे नकाशे मागच्या सीटवर होते, ते लगदा होऊन निघाले.

धाकट्याने काय काय केलं, ते बघवत नव्हतं. डाव्या बाजूला दुप्पट रबर, मग तिप्पट. डावा कोपरा तासून पाहिला, जाड करून पाहिला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दर चार दिवसांनी तो नवा टप घेऊन शेडमध्ये यायचा, माझ्याशेजारी ठेवायचा आणि पट्टी लावून मापं घ्यायचा. आमची मापं केसभरही चुकायची नाहीत. कशी चुकतील? ती माझीच लेकरं. माप जुळलं की त्याचा चेहरा आणखी उतरायचा. मूळ बरोबर, माप बरोबर, म्हणजे चुकतोय तो आपलाच हात, असं त्याने धरून घेतलं.

एकदा, फक्त एकदा, त्याला शंका आली. फोटोवाला आणि आणखी दोन गिऱ्हाईकं अंगणात तक्रार घेऊन उभी होती. धाकटा हळूच म्हणाला, “दादा, एकदा कंपनीचा टप गाडीवर चढवून बघू या का? मूळच जरा…”

एवढंच हवं होतं. एवढं केलं असतं तर तिथल्या तिथे सगळं उघड झालं असतं.

दादाचे नकाशे नुकतेच भिजलेले. वरून लोकांसमोर भावामुळे ऐकून घ्यावं लागत होतं. तो कडाडला, “नाचता येईना अंगण वाकडं! कंपनीचा टप आहे तो. इतकी वर्षं एक थेंब आत आला नाही. तुझ्या हातालाच वळण नाही, ते कबूल कर.”

वहिनी दारातून म्हणाली, “अहो, बघायला काय जातं?” पण धाकटा तोवर वळला होता. “राहू द्या वहिनी,” एवढंच बोलला आणि मापासाठी आणलेला नवा टप डोक्यावर घेऊन, एकटाच, गेटबाहेर गेला.

आणि अंगण खरंच वाकडं होतं हो. मी तिथेच होतो, दहा पावलांवर, शिक्क्यासकट.

वर्कशॉप त्याच वर्षी बंद झालं. साचा त्याने स्वतः घणाने फोडला, असं मास्तर सांगत होते. तो दुसऱ्या गावी गेला. आता एका टाक्यांच्या कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेल्या टाक्यांच्या कडा घासतो. वहिनीने एकदा शेडजवळ उभं राहून त्याला फोन लावला होता. “भाऊजी, तिथे साच्याचं काम मागा ना, तुम्हाला येतं की.” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर ती तिथेच दादाला म्हणाली, “साच्याचं काम आपल्याला जमत नाही म्हणतात. सगळ्यांना असंच सांगतात.” दादा गाडी पुसत होता, तो पुसतच राहिला. दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंदच. मला उचलायला लागणारा चौथा माणूसही त्याच्याबरोबर गेला, म्हणून गाडीवर तो गळका पांढराच राहिला.

मागच्या आठवड्यात गाडी विकायला काढली. घेणारा माणूस तीन मित्र घेऊन आला होता. “हा पांढरा गळतो, पण कंपनीचाही टप आहे म्हणालात ना? तोच चढवून द्या.” पांढरा उतरवून चौघांनी मला उचललं. किती वर्षांनी गाडीवर जात होतो मी! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं.

उजवा कोपरा टेकला. डावा टेकला नाही. चौघांनी दाबून पाहिलं. मी डुललो, अगदी त्या पांढऱ्या टपासारखा. घेणारा म्हणाला, “अहो, हा तर वाकलाय.”

“छे, कंपनीचा…” दादा पुढे झाला आणि त्याने डाव्या फटीत बोट घातलं. मग तो उजवीकडे आला. डोळा बारीक करून माझ्या कडेवरून असा पाहू लागला, जसा तो दुर्बिणीतून जमिनीचा उतार पाहतो. बराच वेळ पाहत होता. मोजणारा माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. मग माझ्या कोपऱ्याला बोटं लावून त्याने उतार मोजला, दीड बोट.

“दोन्ही गळणार असतील तर हलकाच बरा,” घेणारा म्हणाला. त्याने धाकट्याचा टप चढवला, मागे जाड रबर भरून घेतलं आणि गाडी घेऊन गेला. इतका माज केला मी शिक्क्याचा, आणि शेवटी निवडला कोण गेला बघा.

वहिनी पायरीवर उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

“अहो, भाऊजींना फोन करा.”

दादाने फोन काढला. नाव शोधलं. अंगठा तसाच वर धरून उभा राहिला.

“काय तोंडाने सांगू?” तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. मग त्याने आणि मास्तरांनी मला ओढत घरामागे आणलं. नजरेसमोर नको म्हणून उताणं टाकलं. आज आठ दिवस झाले. रोज सकाळी वहिनी मागच्या दारातून विचारते, “केला का?” आणि रोज दादा तिपाई उचलून कामाला निघतो. आज तिने विचारलंच नाही.

माझं मला काही नको. भंगारवाला फायबर घेत नाही, तेव्हा मी इथेच पडून राहणार, भिजणार, तडकणार. त्याची तयारी आहे. पण तुम्ही माणसं आहात, तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. कुठल्या टाक्यांच्या कारखान्यात कडा घासणारा, खाली मान घालून काम करणारा एक माणूस दिसला, पेरांवर रेझिनचे डाग असलेला, तर त्याच्याजवळ क्षणभर थांबा. त्याला सांगा, तुझा हात सरळ होता रे. तुला दिलेला टपच वाकलेला होता. तुझ्या भावाला हे कळलंय, आणि तो तुला कधीच सांगणार नाही.