गिलेलाय ते हॉर्नबेक, मार्गे खर्डी

आमचे हे रोज सकाळी डेन्मार्कला निघतात आणि रोज सकाळी वाटेतच उतरतात.

निघतात म्हणजे असतात घरातच, खर्डीपलीकडच्या आमच्या वाडीत. पुढच्या खोलीत व्यायामाची सायकल आहे, जागची न हलणारी, आणि तिच्यासमोर टीव्ही. टीव्हीत समुद्राच्या कडेनं जाणारा रस्ता. पायडल मारलं की रस्ता पुढे सरकतो, थांबलं की थांबतो. आणि सीटवरून उतरलं की ते यंत्र सगळं विसरतं, परत पहिल्या बंदरापासून सुरुवात. मला ते पहिलं बंदर आता आमच्या मोरीपेक्षा जास्त पाठ झालंय.

मार्गशीर्षात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलं, ज्ञानेश्वरराव, रोज अर्धा तास व्यायाम, मधे न थांबता. नाहीतर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. पुन्हा टेबल म्हणजे मला पुन्हा दवाखान्यातला तो बाक. पहिल्या वेळी त्यांना आत नेलं तेव्हा मी त्या बाकावर कशी बसले होते ते माझं मला माहीत. ह्यांना मात्र त्याचं काही नाही. चालायला पाठवलं तर बांधाबांधावर थांबणार, कुणाची म्हैस व्याली ते विचारणार आणि दोन तासांनी घरी येऊन 'चाललो की' म्हणणार.

म्हणून मनस्वीनं, आमच्या लेकीनं, सायकल पाठवली. ती तिकडे डेन्मार्कात औषधांच्या कंपनीत आहे. रस्ताही तिनंच पाठवला. स्वतःच्या सायकलला फोन बांधून टिपलेला, गिलेलाय नावाच्या बंदरापासून हॉर्नबेक नावाच्या बंदरापर्यंत. हॉर्नबेकला ती राहते आणि चित्र तिच्या दारात संपतं. "बाबा, रोज माझ्याकडे या," म्हणाली. अर्ध्या तासाला थोडा वरच लागतो, म्हणजे दारात पोचलं की डॉक्टरांचंही काम झालं. दीपेशनं, आमच्या मुलानं, सगळं जोडून दिलं, पाच मिनिटं चालवून बघितलं आणि कल्याणची गाडी पकडली. शेवट त्यानंही पाहिला नाही. मी बघावा तर माझे गुडघे असे की मी गिलेलायच्या बाहेरही पडत नाही.

आणि हे पोचायला तयार नाहीत. रस्ता सपाट, वाहनं नाहीत, डाव्या हाताला निळा समुद्र, वाळूत रानगुलाबाची झुडपं. ह्यांनी जन्मभर सायकलवरून तानशाची चढण चढलेली. अडचण रस्त्याची नव्हती, आमच्या दाराची होती. दार उघडं, टीव्हीचा आवाज बाहेर, त्यामुळे सकाळी जो तो आत.

शेजारच्या कमळाबाई तर चहाचा कप घेऊनच यायच्या. "एवडा श्रीमंत देश, न घरांवर पेंढा कसा गो रंभे?" मग थोड्या वेळानं, "न माणसं कुठं गेली सगली? कुनी 'कुठं चाल्लास' म्हनून इचारत पन नाय."

त्यांचं एक वेळ चालेल. पण रोज धाऊकाका येतात. ह्यांचे चुलते, वाडीतले सगळ्यात मोठे. आणि मोठं माणूस समोर आलं की सायकलवरून उतरायचं, बसल्या बसल्या बोलायचं नाही, ही ह्यांची लहानपणापासूनची सवय. काठी उंबऱ्याला लागली की हे खाली.

"अरं, बस बस," काका म्हणायचे.

"नाय काका, तुमी उभे न मी वर बसू?"

झालं. हॉर्नबेक राहिलं, परत गिलेलाय. मी म्हटलं, अहो, ही सायकल जागची हलत नाही, तिच्यावरून कसलं उतरताय? तर मलाच म्हणाले, "मान दिला तर काय बिघडतं?" काय बिघडतं ते ह्यांच्या छातीवरच्या टाक्यांना विचारावं.

एकदा मी दारच लावून घेतलं. वाडीत भरसकाळी दार बंद ठेवायचं नसतं हे माझ्या रागात माझ्या लक्षातच आलं नाही. थोड्या वेळानं बाहेर कुजबुज, मग कडी वाजली. उघडलं तर सगळी आळी ओट्यावर. बायकांचे पदर तोंडाला, आणि कमळाबाई चक्क रडत होत्या. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घराचं दार बंद म्हटल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार. हे लगबगीनं उतरले आणि सगळ्यांना "मी बरा हाय, मी बरा हाय" सांगत हिंडले. मी कपाळाला हात लावून चुलीपाशी जाऊन बसले.

त्यात दर रविवारी मनस्वीचा फोन. पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, पोचलात का?"

"पोचलो ना," हे खुशाल सांगायचे. "छान हाय तुझं गाव."

"शेवटपर्यंत?"

"अगदी शेवटपर्यंत."

मग ती नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवायची. मला त्या 'बरं'चा राग यायचा. एवढी शिकलेली पोर, हिला बापाचं खोटं कळत नाही?

शेवटी मी धाऊकाकांनाच ओट्यावर बसवलं. म्हटलं, "काका, तुमी हितं बसा. तुमाला वलांडून आत जायाची कुनाची छाती नाय. पन तुमी पन आत यायाचं नाय." काका खूष. काठी आडवी धरून अगदी पोलिसासारखे बसले. दार उघडं, आत कुणी नाही, ह्यांचे पाय चाललेले. मी दाराआडून बघत होते. समुद्र गेला, झाडी गेली, लाल कौलांची घरं आली. लांब शिडाच्या होड्यांचे खांब दिसायला लागले. हॉर्नबेक.

आणि हे थांबले. कुणी आलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. पाय काढले आणि उतरले.

मग मात्र माझा तोल गेला. "दुखतंय का?" "नाय." "दमलात?" "नाय." "मंग उतरलात कशाला? तुमाला मरायचंय काय? मला सांगा एकदाच, म्हंजे मी रोज सकाली जीव मुठीत धरून उभी राह्यची नाय." बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि बाहेर काकांनी ऐकलं त्याचीही लाज वाटली नाही.

हे खाली बघत टॉवेलनं मान पुसत राहिले. मग म्हणाले, "लेकीच्या दारात रिकाम्या हातानं कसा जाऊ गो?"

मला आधी कळेचना. "काय?"

"पयल्यांदाच जायचं तिच्या घरी. हातात कायच नाय. त्या वलनावर आलं की पाय चालत नाय बग."

म्हणजे इतके दिवस पाहुण्यांचं निमित्त. काका आले की ह्यांना सुटल्यासारखं वाटायचं. आणि मी वाडीभर भांडत सुटले होते. असा संताप आला की काय सांगू. टीव्हीतल्या दाराला कसली भेट, त्या दारातून काही आत जाणार आहे का, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ह्यांचं तोंड असं झालं होतं की मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी कापडी पिशवी काढली. तिच्यात घरचे तांदूळ भरले, वर तांदळाच्या फेण्या ठेवल्या, फडक्यात सुकट बांधली आणि पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली.

"घ्या," म्हटलं. "आता जा."

ह्यांनी पिशवी हातानं जोखून पाहिली. "फेन्या फुटतील," म्हणाले.

"हळू चालवा मंग."

त्या दिवशी हे कुठेच थांबले नाहीत. वळण आलं, खांब आले, बंदर मागे पडलं. एक बारकी गल्ली, पिवळ्या भिंतीचं घर, पायरी. चित्र डुगडुगलं, उलटंपालटं झालं, आणि एकदम समोर मनस्वीचं तोंड. वाऱ्यानं लाल झालेलं, धापा टाकणारं.

"आलात बाबा?" ती म्हणाली. "थांबा, आधी पाणी घ्या."

फोन पायरीसमोर टेकवून ती आत गेली. ह्यांचे पाय चालूच, आम्ही दोघं उघडं दार बघत राहिलो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मी दिलेला पितळी तांब्या होता. तो तिनं पायरीवर ठेवला आणि शेजारी बसली.

"आणि आई, त्यांना ओरडू नको आता. एवढ्या लांबून आलेत."

तिथं चित्र संपलं. हे सगळं तिनं रस्ता टिपला तेव्हा, थंडीतच बोलून ठेवलं होतं. दर रविवारी ती 'पोचलात का' विचारत होती, हे 'शेवटपर्यंत' म्हणत होते, आणि पाण्याचं कुणी नाव काढत नव्हतं. तिचं ते 'बरं' मला तेव्हा समजलं.

हे काळ्या टीव्हीकडे बघत सीटवर बसून राहिले, हात पिशवीवर. मी स्वयंपाकघरात गेले, तांब्या भरून आणला आणि ह्यांच्यापुढे धरला.

"घ्या," म्हटलं. "लेकीनं दिलंय."

हे आधी सायकलवरून उतरले, मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला.