बसलेला फेस

मी इग्नाझचा ग्लास बोलतोय. तोंड वर करून बोलायची माझी लायकी नाही, तरी ऐका.

बव्हेरियातल्या जंगलाशेजारी एका काचकामगारानं मला फुंकून घडवलं. उंच, कमरेत बारीक, वर रुंद, बूड जाड आणि अंगावर इग्नाझचं नाव कोरलेलं. गव्हाची बिअर प्यायची ती आमच्यातून. काळसर बिअरला मातीचा मग, कडू फिक्या बिअरला देठाचा ग्लास. ही वालबुर्गाबाईची शिस्त, आणि तिच्या खानावळीच्या फळीवर मी तीस वर्षं काढली.

रविवारी चर्च सुटलं की इग्नाझ खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसे. पांढरे सॉसेज, गोड मोहरी आणि मी. वालबुर्गाबाई मला गार पाण्यातून काढी, तिरपा धरी आणि बाटली हळूहळू ओती. बोटभर बिअर उरली की बाटली गोल फिरवून तळाचा गाळ हलवी आणि तोही वरून सोडी. फेस चांगला चार बोटं उभा राही.

"फेस बसला की बिअर मेली," असं इग्नाझ येणाऱ्याजाणाऱ्याला सुनवायचा. कुणी लिंबाची फोड मागितली तर अंगावर धावून जायचा. ग्लासाला ग्लास टेकवायचा तो बुडाशी, काठाशी नाही, हे त्यानं पाद्रीबाबालाही शिकवलं होतं. फेसाच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा.

मग वालबुर्गाबाईचे हात थरथरू लागले. मुलगी आफ्रा म्हणाली, "आई, खानावळ मी चालवते."

म्हातारी खमकी. म्हणाली, "रविवारी सगळ्यांसमोर ओतून दाखव. इग्नाझ बरं म्हणाला तर किल्ल्या तुझ्या. नाहीतर विकून मोकळी होते."

नेमक्या त्याच आठवड्यात इग्नाझनं मला कोटाखाली लपवून घरी नेलं. नाव कुणाचंही असो, ग्लास फळीवरच राहायचा, असा नियम होता. पण त्याचा वाढदिवस होता, एकटा माणूस, मीही हरखलो. शनिवारी त्याला खोकला झाला. धुतलेलं भांडं सापडेना, म्हणून त्यानं माझ्यातच कोमट दूध ओतलं, मध घातला, वर लोण्याचा गोळा. पिऊन झाल्यावर नुसतं विसळलं आणि ओट्यावरच्या फडक्यानं पुसलं. सकाळी चर्चच्या आधी मागच्या दारानं येऊन मला गुपचूप फळीवर ठेवलं. वालबुर्गाबाईकडे आम्हा ग्लासांचा ब्रश वेगळा, पाणी वेगळं, आणि पुसायला तर फडकं कधीच नाही, कारण काचेला जरा तुपकटपणा राहिला तरी फेस टिकत नाही. त्या स्वच्छ रांगेत मी एकटा लोण्यानं माखलेला उभा होतो.

आफ्रानं मला गार पाण्यातून काढलं. तिचं लक्ष बाटलीकडे, कान आईकडे. हात मात्र असा स्थिर की बघत राहावं. तिरपा धरला, ओतलं, गाळ फिरवून सोडला. फेस चढला. क्विरिन सुतार "वा!" म्हणाला, आणि त्याचं तोंड मिटायच्या आत फेस विरून गेला.

"नवखी आहे पोरगी," क्विरिन पुटपुटला.

"काका, माझं काय चुकलं?" आफ्रानं इग्नाझला विचारलं.

इग्नाझनं मला उजेडात धरलं. माझ्या आतल्या अंगाला बुडबुडे चिकटले होते. स्वच्छ काचेला ते असे चिकटत नाहीत, हे त्यानंच गावाला शिकवलेलं. त्याला कळलं. एक वाक्य पुरलं असतं. पण जन्मभर दुसऱ्यांना नावं ठेवणाऱ्याच्या ग्लासात लोणी! गावानं हसून हसून जीव घेतला असता.

"हात बसायला वेळ लागेल, पोरी," तो म्हणाला.

वालबुर्गाबाईनं किल्ल्या परत एप्रनच्या खिशात टाकल्या.

खानावळ विकली गेली. तिथे आता दातांचा दवाखाना आहे. आफ्रा लँड्सहूट शहरात एका बेकरीत कामाला लागली. दोन वर्षांनी वालबुर्गाबाई गेली. खानावळ बंद झाली तेव्हा इग्नाझनं मला घरी आणलं होतं, पण पुन्हा गव्हाची बिअर घेतली नाही. कुणी विचारलं तर पोटाचं निमित्त सांगे. कपाटाचं दार उघडलं की मला बरण्यांमागे दडावंसं वाटे.

सहा वर्षांनी, गेल्या रविवारी, त्यानं मला गरम पाण्यानं घासलं, उलटा ठेवून वाळवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसला. आफ्राच्या दाराशी त्यानं टोपी काढली.

"काका? तुम्ही इकडे कुठे?"

"ग्लासात लोणी होतं. मीच घातलेलं. त्याच दिवशी मला कळलं होतं. तुझा हात चुकला नव्हता."

आफ्रा चौकट धरून उभी राहिली. "आई मला 'तुझ्या हातात कसब नाही' असं म्हणतच गेली, काका."

इग्नाझनं वर्तमानपत्र सोडून मला तिच्यापुढे धरलं.

ती ओरडली नाही. त्याला आत घेतलं, बाटली आणि स्वतःसाठी एक ग्लास काढला. मला गार पाण्यातून काढलं, तिरपा धरला, ओतलं, गाळ फिरवून सोडला. फेस चार बोटं चढला आणि उभा राहिला. म्हातारा रडत होता, मला हात लावेना. आफ्रानं आपला ग्लास माझ्या बुडाशी टेकवला. "प्या आता. बसेल तो."

तो बसला नाही. शेवटच्या घोटापर्यंत काठाला धरून राहिला, आणि मला जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

इग्नाझ मला तिथेच ठेवून गेला. आता मी आफ्राच्या फळीवर आहे. एकच मागणं आहे. माझ्या अंगावरचं ते नाव कुणीतरी घासून काढा आणि तिथे तिचं कोरा. खानावळ तिचीच होती.