दगडातलं पाणी

फसली तेराशे अठ्ठावीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठरा-एकोणीसच्या दुष्काळात, निजामाच्या राज्यातल्या नांदूरघाटच्या माळावर गवताची काडी उरली नव्हती. हरिबाची मेंढरं चरता चरता गुडघे टेकायची आणि परत उठायची नाहीत. उरलीसुरली त्यानं एका खाटकाच्या हवाली केली, काठी खोपटाच्या कुडाला टेकवली आणि सुंदररावांच्या विहिरीवर पहार घ्यायला गेला. सुंदरराव गावातले मोठे जमीनदार. त्यांनी दुष्काळात विहीर काढली म्हणून कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या. हरिबा खाली दगड फोडायचा आणि त्याची बायको सारजाबाई वर आलेला दगड पाटीतून ढिगाऱ्यावर नेऊन टाकायची.

माती संपली, मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला. पहार आपटली की ठिणगी उडायची, पण दगड काही हलायचा नाही.

एका शुक्रवारी ऊन नेमकं डोक्यावर आलं होतं. विहिरीच्या तळाला सूर्य पोचायचा तो तेवढाच वेळ. हरिबानं पहार मारली आणि आवाज वेगळाच आला, मडक्यावर बोट वाजवावं तसा. त्यानं पुन्हा मारली. दगडाची कवची आत ढासळली आणि भोपळ्याएवढी पोकळी उघडी पडली. आत चहूबाजूंनी पांढऱ्या-हिरव्या गारगोट्यांचे टोकदार कोंब दाटीनं उगवल्यासारखे दिसत होते. तळाशी ओंजळभर पाणी होतं.

हरिबा वाकला. त्याची सावली पाण्यावर पडली होती. त्या सावलीत, पाण्याच्या मधोमध काहीतरी होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं, आरपार दिसणारं, मेंढी व्याल्यावर पडलेल्या वारेवर थेंब चकाकतो तसं. नीट बघावं म्हणून तो बाजूला सरकला आणि ऊन सरळ त्या दाण्यावर पडलं.

त्या दाण्यानं अंग चोरलं.

हरिबानं आयुष्यात किती कोकरं आईच्या पोटातून ओढून काढली होती, त्याची मोजदाद नव्हती. बाहेरचा उजेड पहिल्यांदा लागला की कोकरू जसं आखडतं, अगदी तसंच ते आखडलं. तो ओरडला, "आरं, लोटा सोडा! लोटा सोडा बिगी बिगी!"

शुक्रवार म्हणून निजाम सरकारच्या मदरशाला, म्हणजे शाळेला, सुट्टी होती आणि राधाकिशन मास्तर ढिगाऱ्यावर चमकते दगड वेचत होते. औरंगाबादेला शिकून आलेला हा तरुण मास्तर दगडधोंड्यांत काय बघतो, याचं गावाला नवल वाटे. एका मजुराचा पाय चेचला होता, त्याला पट्टी बांधायला हकीमसाहेबही आले होते. लोटा वर आला तसे सगळे भोवती जमले. मास्तरांनी हकीमसाहेबांच्या औषधाची एक रिकामी बाटली धुऊन घेतली आणि पाणी तिच्यात ओतलं. कुणाला बाटलीत ढगाळ ठिपका दिसला, कुणाला काहीच दिसलं नाही. ऊन कलेपर्यंत ठिपका विरून गेला. बाटलीत नुसतं पाणी राहिलं.

बाभळीखाली वाद पेटला.

"ह्यात अजब काय हाय?" हकीमसाहेब म्हणाले. "गर्मी आन् ओल मिळाली की जान पैदा होती. शेणात विंचू व्हतो, सडल्या गोश्तात अळी व्हती. जमिनीच्या पोटात गर्मी, दगडात ओल. झालं पैदा."

"अळी गोश्तातून होत नाही, हकीमसाहेब," मास्तर म्हणाले. "माशी अंडी घालते, त्यांतून होते. झिरझिरीत फडकं बांधून ठेवा, अळी पडत नाही. लोकांनी ताडून पाहिलंय हे. जिवातूनच जीव येतो."

काम का थांबलं ते बघायला आलेले सुंदरराव हसले. "मग हा दगडात कुठल्या वाटेनं गेला?"

"बारीक भेग असणार. पावसाच्या पाण्याबरोबर वरून झिरपला असेल."

"भेग न्हवती मास्तर," हरिबा म्हणाला. "म्या बोट फिरवून बघितलं."

"देवाची करणी म्हणा आन् कामाला लागा," सुंदरराव म्हणाले. "मला पाणी पायजे. किड्याचं काय करायचंय?"

सगळे उठले. हरिबा मात्र बसूनच होता. तो मास्तरांना म्हणाला, "जिवातूनच जीव येतो म्हणता. मग सगळ्यात पैला कशातून आला?"

मास्तरांनी बाटली पुन्हा उन्हाकडे धरली. म्हणाले, "तेच तर मला कळत नाही, हरिबा."

पुढं पंधरवड्यात विहिरीला झरा लागला. गावानं नारळ फोडला, गूळ वाटला. हरिबानं ते पाणी तोंडाला लावलं नाही. तो लांबच्या ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून घागर भरून आणायचा. उन्हातून येताना घागरीच्या तोंडावर तळहात आडवा धरायचा, पाण्यावर ऊन पडू नये म्हणून. लोक हसायचे. सारजाबाईला सुरुवातीला हसू आलं, मग येईना. घरात तो माठावर घोंगडं टाकायचा. ताटलीत पाणी दिसलं की ताटली सावलीत ओढायचा. जेवता जेवता थांबून भिंतीकडे बघायचा आणि खांदे आवळून घ्यायचा. ते आवळणं पाहून सारजाबाईच्या अंगावर काटा यायचा. ते तिच्या नवऱ्याचं नव्हतं. तो दुसऱ्याच कुणाचं तरी आखडणं आखडत होता.

"आवो, कावून असं करता?" तिनं विचारलं.

"त्येनं माझ्याकडं बघितलं, सारजे."

"डोळं होतं का त्येला?"

"न्हवतं. तरी बघितलं."

एके दिवशी तो मदरशात गेला. पोरं घरी गेली होती. मास्तरांनी त्याला जवळ बसवलं आणि जे ठाऊक होतं ते सांगितलं. हा सगळा बालाघाटचा दगड एके काळी वितळलेला होता, काकवीसारखा वाहत आला होता. तेव्हा त्यात काही जगणं शक्यच नव्हतं. तो निवला तेव्हा आत बुडबुडे राहिले, बुडबुड्यांत पाणी साठलं, पाण्यात दगडाचे क्षार उतरले. काही विद्वान म्हणतात, निर्जीव द्रव्यं अशाच साचल्या पाण्यात एकमेकांना धरत गेली आणि लाखो वर्षांनी पहिला जीव जमला. काही म्हणतात, आकाशातून पडणाऱ्या दगडांबरोबर बी आलं. डोळ्यांनी कुणीच पाहिलेलं नाही.

"म्हंजी त्येला आई न्हवती," हरिबा म्हणाला.

"तिथंच झालं असेल, तर नव्हती."

"लाखो वर्सं अंधारात जमत आलं. आन् म्या वरनं ऊन सोडलं."

"हरिबा, तो साधा पाण्यातला किडा असेल. भेगेतून आलेला. कदाचित."

"कदाचित," हरिबा म्हणाला आणि उठला.

त्यानंतर तो एकदा हकीमसाहेबांकडे जायचा, एकदा मास्तरांकडे. सारजाबाईला उशिरा उमगलं, तो ज्ञान मिळवायला जात नव्हता. सुटका शोधत होता. हकीमसाहेबांचं खरं असेल, तर दगड असले जीव रोजच प्रसवतो. एक गेला तर काय झालं? मास्तरांची भेग खरी असेल, तर तो एक किडा होता, किडे मरतातच. पण तिसरं खरं असेल, तो तिथंच जमलेला एकुलता एक असेल तर? कुठल्याही एका गोष्टीवर त्याचा विश्वास बसेना. हकीमसाहेब छातीवर हात ठेवून खात्री द्यायचे, मास्तर खात्री द्यायला तयार नव्हते. आणि हरिबाला पटायचे मास्तर.

त्याची हाडं दिसू लागली. तेव्हा सारजाबाईनं ढिगाऱ्यावरून एक दगड घरी आणला. गोल, वर चुन्यासारखी कातडी. ती पाटी रिकामी करताना तो हलला होता आणि आत पाणी डुचमळलं होतं. तिला वाटलं, नवऱ्याला बरं वाटेल.

हरिबानं दगड कानाशी धरला आणि हलवला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं तो घोंगड्यात गुंडाळून धान्याच्या रिकाम्या कणगीत ठेवला. दिवसातून कितीदा तरी तो कणगीत हात घालून दगड चाचपायचा, गाभण मेंढीचं पोट चाचपावं तसा.

बातमी गावात गेली. मास्तर आले, मागून हकीमसाहेब आले. मास्तर ओट्यावर बसून म्हणाले, "हा फोडला तर कळेल, हरिबा. यातही तसलं असेल तर ते एकटं नव्हतं. तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

"आन् फोडल्यावर ह्ये मरंल," हरिबा म्हणाला. "माजं ओझं उतराय अजून एक मारू?"

मास्तर ओट्यावरून उठले. हकीमसाहेबही त्यांच्यामागून गेले.

आता हरिबा कणगीपासून हलेना. काम नाही, जेवण नाही. दगडाला कान लावून बसायचा आणि आतल्याशी हळू बोलायचा, "उजेड न्हाई हं. न्हाई सोडत." आषाढात थोडा पाऊस झाला, माळ हिरवा दिसू लागला. सारजाबाईचा भाऊ बंकट त्याला थोडी मेंढरं दाखवायला बळेच घेऊन गेला.

सारजाबाई घरात एकटी राहिली. तिनं दगड अंगणात आणला आणि वरवंटा उचलला. पहिला घाव निसटला, दुसरा जोरात बसला. दगड दुभंगला आणि निम्म्याहून जास्त पाणी उसळून मातीत सांडलं. मातीनं ते तिच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकलं. उरलेल्या खापेत घोटभर पाणी होतं. ती त्याच्यावर वाकली. नितळ पाणी, तळाला गारगोट्यांची टोकं. दुसरं काही नाही. तिनं बोट बुडवलं. मग ती पदर डोक्यावर ओढून, पाण्यावर सावली धरून बसली. हल, ती मनात म्हणत होती. काही तरी हल. पाणी आटून गारगोट्या कोरड्या पडेपर्यंत ती तशीच बसली होती. सांडलेल्या पाण्यात काही होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

हरिबा आला. त्यानं खापा पाहिल्या आणि दारातच खाली बसला.

"होतं," सारजाबाई म्हणाली.

"काय?"

"तसलंच. दाण्याएवढं. हललं."

"जित्तं?"

"जित्तं होतं. आता न्हाई. हकीमसाब म्हणत्यात त्येच खरं. दगडात होतच असतंया. तुमचं काय एकटं न्हवतं."

हरिबा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग रडू लागला, मोठ्यानं, पोरासारखा. त्या दिवशी त्यानं सुंदररावांच्या विहिरीचं पाणी मागून घेतलं आणि लोटाभर प्याला.

तो सावरला. बंकटच्या मेंढरांमागे जाऊ लागला, पुढं स्वतःची चार धरली. खांदे आवळणं थांबलं.

हरिबाकडून हे कळल्यावर हकीमसाहेबांना मात्र गावभर सांगितल्यावाचून राहवेना. शेजारणी यायच्या, बाजाराला आलेले परगावचे लोक यायचे. "बाई, तुमी डोळ्यांनी बघितलं म्हणं?" हरिबा शेजारी बसलेला असायचा, म्हणून सारजाबाईला सांगावंच लागायचं. कुणी विचारी, रंग कसा? ती म्हणे, पांढुरका. कुणी विचारी, पाय होते का? ती म्हणे, न्हाई, पण एका अंगानं जरा टोकदार होतं. प्रत्येक वेळी थोडं जास्त सांगावं लागायचं.

राधाकिशन मास्तर सगळ्यांत शेवटी आले. त्यांची बदली झाली होती, बैलगाडी दारात उभी होती. हरिबा मेंढरांमागे गेला होता.

"सारजाबाई," ते म्हणाले, "मला खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही. होतं?"

त्यांना तरी खरं सांगावं, असं तिनं कधीचं ठरवलं होतं. तिनं तोंड उघडलं. नव्हतं, असं म्हणायला ती तो दिवस डोळ्यांसमोर आणू लागली. अंगण, दुभंगलेला दगड, घोटभर पाणी. आणि पाण्याच्या मधोमध ते होतं. पांढुरकं, एका अंगानं टोकदार. तिनं डोळे मिटले तरी ते गेलं नाही. उलट सावकाश वळलं, तिच्याकडे.

"होतं," ती म्हणाली, आणि मास्तरांनी पाहिलं, तिनं खांदे आवळून घेतले होते.