सोफ्याच्या दुकानात जन्मलेली मगर

मी मगर बोलतेय. घाबरू नका. म्हणजे, घाबरलात तर मला आवडेलच. पण खरं सांगायचं तर या घडीला मी एका सोफ्याच्या दुकानात दोन मोडक्या खुर्च्यांच्या मध्ये पालथी पडलेय. एका सिनेमात मी सात माणसं खाल्ली. त्यातल्या सहा जणांनी, मी त्यांना खाऊन झाल्यावर, माझ्याच पाठीला टेकून जेवणाचे डबे उघडले होते.

माझी लांबी अकरा फूट. त्यातला एक इंचही नदीत वाढलेला नाही. पोटात सुरुवातीला गादीचा फोम, कण्याच्या जागी जुन्या दिवाणाच्या स्प्रिंगा आणि अंगावर काळपट हिरवं रेक्झिन. ते रेक्झिन एका दवाखान्याच्या बाकांसाठी आणलं होतं. रंग पसंत पडला नाही म्हणून परत आलं. ज्या रंगावर आजारी माणसंही बसायला तयार नव्हती, तो मला मात्र शोभून दिसला.

मला घडवलं आप्पांनी. चाळीस वर्षं सोफे शिवणारा माणूस. कुणाकडे गेले की बसायच्या आधी बैठक अंगठ्याने दाबून बघायचे आणि यजमानाच्या तोंडावर "आत काथ्या भरलाय" असं सांगून मोकळे व्हायचे. सिनेमाचं त्यांना वावडं होतं. "मला सगळ्याच्या आतलं दिसतं. मग कसली आलीय मजा?" असं त्यांचं म्हणणं.

आणि मुलगी नेमकी सिनेमावेडी! सगळे तिला ताई म्हणत. आठवडाभर ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा. तिच्याकडे एक कॅमेरा होता, एक गोष्ट होती आणि सुट्टीची झोप मोडून येणारी दहा-बारा माणसं होती. गोष्ट साधी: पोहण्याच्या जुन्या तलावात मगर शिरते आणि एकेकाला गिळते. तीन वर्षं खपून त्यांनी किंकाळ्या घेतल्या, पळापळ घेतली, रडारड घेतली. मगरीच्या सिनेमात मगर सोडून सगळं झालं होतं.

तो तलाव ताईच्या वहिनीच्या हाताखालचा. त्या तिथे लहान मुलांना पोहायला शिकवायच्या. सिनेमाची नायिकाही त्याच, कारण किंचाळत पोहणं दुसऱ्या कुणाला जमेना. एक दिवस त्या सांगत आल्या की तलाव आता बुजवणार आहेत. पाणी अजून भरलेलं होतं आणि किल्ली त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात फक्त पाच दिवस राहणार होती. त्या पाच दिवसांत मगर पाण्यात उतरली तर सिनेमा, नाहीतर तीन वर्षांच्या सुट्ट्या पाण्यात.

ताई तडक दुकानात आली. "आप्पा, मगर शिवाल का?"

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "किती सीटर?"

अशी माझी सुरुवात झाली. पण आप्पांनी एकदा दाभण हातात घेतलं की ते थट्टा विसरतात. माझ्या पाठीवरचा एकेक उंचवटा त्यांनी आतून गोळा भरून, बाहेरून आवळून काढला. दात केले ताईच्या मावशीने. ती कवळ्या बनवते. तिने बत्तीसच्या जागी साठ दात केले, पण इतके सुबक, की मी चावायला निघालेय की फोटो काढून घ्यायला, तेच कळेना.

"मावशी, जरा वाकडे कर ना."

"तीस वर्षांत वाकडा दात केला नाही गं मी. हातच वळत नाही."

शेवटी तिने ते सगळे दात पुन्हा, डाव्या हाताने केले. मग कुठे माझं तोंड मगरीचं दिसू लागलं.

माझ्या पोटात शिरायचं काम एका टपालवाल्याकडे होतं. अंगाने इतका किडकिडीत की सगळे त्याला सुतळी म्हणत. तो पालथा झोपून पाय माझ्या शेपटीत घालायचा आणि हातांनी सायकलच्या ब्रेकच्या वायरी ओढून माझा जबडा उघडायचा, मिटायचा. तो आत शिरला की आप्पा माझ्या पोटाखालची चेन लावून टाकत. चेन छान लपलेली होती. आप्पांच्या प्रत्येक खोळीची असते तशीच.

पहिल्या दिवशी सहा जणांनी मला उचलून तलावात सोडलं. कॅमेरा सुरू झाला. मी दोन हात पुढे गेले, रुबाबात, आणि मग मला तहान लागली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. माझ्या अंगातला सगळा फोम एकदम पाणी प्यायला लागला. मी जड झाले, शेपटी खाली गेली, पाठ खाली गेली. काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, मगर काय झकास बुडी मारतेय!

आत सुतळीने वायरी सोडल्या आणि माझं पोट चाचपायला सुरुवात केली. चेन त्याला लागत होती, पण तिची कडी बाहेर होती.

वहिनींना आधी कळलं. मुलांना शिकवणारीला पाण्यावरचे बुडबुडे वाचता येतात. त्यांनी सूर मारला, माझ्या पोटाखाली शिरून चेन ओढली आणि सुतळीला बाहेर खेचून काठावर टाकलं. तो खोकला, ओकला आणि डोळे उघडून ताईला पहिला प्रश्न केला, "जबडा नीट मिटला होता का?"

काय माणसं असतात ही! मी तळाशी पडल्या पडल्या ते ऐकलं आणि थक्क झाले.

मला वर काढायला दोर लागले. सगळे सुतळीभोवती जमले होते, एकटे आप्पा माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या पाठीवर अंगठा दाबला. पाण्याची धार लागली.

"फोम पाणी पितो, हे शेंबडं पोरही सांगेल," ते म्हणाले. "मला सुचलं नाही. खोळीची चेन बाहेरूनच लावायची, हात तसाच चालला. सोफ्यातून कधी कुणी बाहेर यायचं असतं का? चाळीस वर्षांत माझ्या बैठकीने कुणाची कंबरसुद्धा धरली नाही. आज माणूस जात होता."

ताई त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बंद करूया, आप्पा. सिनेमा काही माणसाच्या जिवापेक्षा मोठा नाही."

"मला कुणी विचारलंत का?" मागून सुतळी म्हणाला. अंगावर टॉवेल, दात वाजताहेत. "तीन वर्षं मी तुमच्या सिनेमात मेलेला माणूस म्हणून पडलोय. चार वेळा मेलो, चार वेगळ्या शर्टांत. आता कुठे मारायची पाळी आली. आप्पा, चेन आतून लावा म्हणजे झालं."

 संध्याकाळी आप्पांनी मला दुकानात नेलं आणि माझी प्रत्येक शिवण स्वतःच्या हाताने उसवली. फोम काढून टाकला. ताई आणि वहिनी घरोघर फिरून झाकणाचे रिकामे प्लास्टिकचे डबे मागून आल्या. ते नुसतेच माझ्या पोटात भरले तर मी बदकासारखी उंच तरंगायला लागेन, म्हणून पोटाशी वाळूच्या पिशव्या शिवल्या. चेन आता आतून उघडणारी होती, आणि एक नव्हे, दोन. असे दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा तलावावर आलो.

सुतळी कपडे काढायला लागला तसे आप्पा म्हणाले, "थांब. आधी मी."

"आप्पा, तुम्हाला पोहता येत नाही!" ताई ओरडली.

"म्हणून तर. मला बाहेर येता आलं तर कुणालाही येईल."

ताईने हात धरला, वहिनींनी रागावून पाहिलं, म्हातारा हटेना. शेवटी वहिनी माझ्या शेजारी पाण्यात उभ्या राहिल्या आणि आप्पा माझ्या पोटात शिरले. सत्तरीला आलेला माणूस, गुडघे दुखणारा. काठावर कुणी श्वास घेत नव्हतं. मला मात्र आतून त्यांची छाती धडधडताना कळत होती. अंधारात त्यांचा अंगठा माझ्या शिवणीवरून फिरत गेला, एकेक टाका ओळखत, थेट चेनीपाशी. खर्रकन चेन उघडली आणि आप्पा पाण्याबाहेर आले, नाकातोंडातून पाणी गळत. त्यांनी तसं तीन वेळा केलं. डाव्या चेनीने, उजव्या चेनीने, आणि एकदा डोळे मिटून.

"आता शीर," ते सुतळीला म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन शर्ट पिळत बसले. मला त्या दिवशी जीव आला असेल तर त्या तीन खेपांनी.

त्या दोन दिवसांत मी सातही माणसं खाल्ली. शेवटी वहिनी. घटकाभर आधी त्या माझ्या नाकावर पाय ठेवून केस पुसत होत्या. माझ्या पोटातले डबेही त्यांनीच गोळा केलेले. पण ताई "ॲक्शन" म्हणाली आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वतः मागे वळून पाहिलं असतं, मान वळत असती तर. ते डोळे खोटे नव्हते. माणसाला हे कसं जमतं, हे मला आजही उमगलेलं नाही.

सिनेमा लागला एका छोट्या सभागृहात. शोभेसाठी मला पडद्याच्या कडेला ठेवलं होतं, प्रेक्षकांकडे तोंड करून. म्हणून मी तो सिनेमा पाहिलेलाच नाही. मी फक्त चेहरे पाहिले. सुरुवातीला लोक हसले. ताई भिंतीला टेकून नखं खात होती. मग हसू कमी झालं. मग थांबलं. आप्पा पहिल्या रांगेत होते, मुलीने ओढून आणलेले, हाताची घडी घालून. तलावाचा प्रसंग आला तशी त्यांची घडी सुटली. आणि मग, माझा एकेक टाका घातलेल्या त्या माणसाने हळूच चपला सोडल्या आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

ताईने ते पाहिलं. ती तिथेच भिंतीशी खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मी ओरडले असते तर सभागृह हललं असतं, इतका आनंद मला झाला होता.

आता पुढच्या सिनेमासाठी ताईच्या डोक्यात माणसं मारणारं वटवाघूळ आहे. पंखांना रेक्झिन लागेल, आणि माझंच घ्यायचं असं ठरलंय. मला काही वाईट वाटत नाही. अशा माणसांच्या हाती पुन्हा एकदा जनावर व्हायला मिळणं, हे नशीब कुठल्या नदीतल्या मगरीला मिळतं?

पण काम अडलंय. गेले तीन दिवस आप्पा सकाळी उसवायची सुरी घेऊन माझ्याजवळ येतात. चष्मा लावतात, माझ्या पोटाची शिवण शोधतात, माझ्या डोळ्यांकडे बघतात आणि सुरी पुन्हा खिशात ठेवतात. काल तर त्यांनी माझ्या मानेवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "लागेल का गं?"

माझा जबडा सुतळीशिवाय उघडत नाही. तेव्हा त्या बाजूने जाणार असाल तर एवढं करा. दुकानात डोकावा आणि आप्पांना सांगा, तिला लागणार नाही म्हणून.